रिकामे म्हटलेले सिलिंडर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘क्लोरीन’ असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग एकाने हळूच विचारले, “भाऊ, लोक येतील ना?” या मांडवात संतवाङ्मय होते, इतिहास होतो, नाट्यसंगीत होते. तिथे वायूच्या टाकीवर बोलायला एक कामगार संघटनेचा माणूस उभा राहणार म्हटल्यावर त्यांना चिंता वाटली, यात नवल नाही. आपण आलात, त्यांची चिंता मिटली. आता माझी सुरू झाली.

मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे जे काही शिकलो ते गाळ्यांत काम करणाऱ्या मंडळींकडून, आणि रात्री युनियनच्या कचेरीत अक्षर अक्षर लावून वाचलेल्या कायद्याच्या व रसायनांच्या पुस्तकांतून. म्हणून रसायनशास्त्राचा पदवीधर बोलेल तसे मी बोलणार नाही. ज्या माणसाच्या हातात पाना असतो, त्याच्या बाजूने उभा राहून बोलणार आहे.

क्लोरीन ही परकी वस्तू आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः तिचे मूळ आपल्या दारात आहे. नायगाव, जूचंद्र भागातली मिठागरे आपण गाडीच्या खिडकीतून पाहत आलो. त्या मिठातच क्लोरीन आहे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचा संसार. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की तो संसार मोडतो. एका बाजूला कॉस्टिक सोडा तयार होतो, दुसऱ्या बाजूला क्लोरीन वायू सुटतो. सुमारे १ हजार ६५० किलो मिठातून १ हजार किलो क्लोरीन निघतो. जे मीठ आपण पानात डाव्या बाजूला वाढतो, त्याच्या पोटातून असा दाहक वायू निघावा, याचे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठे आश्चर्य वाटले होते, आणि अजून वाटते.

आपला त्याच्याशी रोजचा संबंध येतो तो नळातून. आमच्या लहानपणी वसईत बावखले होती, घरोघर विहिरी होत्या. विहिरीत वर्षातून एकदोनदा पोटॅशची पूड पडली की पाणी शुद्ध झाले असे समजत. आता बावखले बुजली, इमारती उभ्या राहिल्या, आणि लाखो माणसे धरणाच्या पाण्यावर जगू लागली. सूर्या, उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही नावे आपण पाणी आले नाही की घेतो. एवढ्या लांबून नळातून येणारे पाणी घरी पोहोचेपर्यंत निर्जंतुक राहायचे, तर त्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. म्हणून पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर लिटरमागे साधारण एकदोन मिलिग्रॅम मिसळतात. हा आकडा चिमूटभर वाटतो. पण हिशेब करून पाहा. रोजचे १० कोटी लिटर पाणी असेल आणि लिटरला २ मिलिग्रॅम लागत असेल, तर दिवसाला २०० किलो क्लोरीन झाला. साडेचार दिवसांत एक मोठी टाकी संपली. या टाकीला कामावरची मंडळी ‘टनर’ म्हणतात. तिच्यात साधारण ९०० किलो द्रवरूप क्लोरीन असतो. रंग सोनेरी पिवळा. लहान सिलिंडर १०० किलोंच्या आसपासचे.

म्हणजे आपण एक पेला पाणी पितो, त्याच्या मागे कुठेतरी कोणी एक माणूस टनरचा व्हॉल्व्ह उघडत असतो. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. पुष्कळदा तो ठेकेदाराकडचा असतो, आणि ठेका बदलला की माणूसही बदलतो. हा मुद्दा मी पुढे परत घेणार आहे, कारण सारी मेख तिथे आहे.

आता हा वायू आहे कसा? रंगाने पिवळट हिरवा. स्वीडनच्या शीले नावाच्या औषधविक्याने १७७४ साली तो प्रथम तयार केला, आणि हंफ्री डेव्हीने १८१० मध्ये त्याच्या रंगावरून त्याला नाव दिले. हवेपेक्षा तो जवळजवळ अडीचपट जड आहे. म्हणून सुटला की वर न जाता जमिनीवरून सरपटतो, गटारात, तळघरात, खड्ड्यात जाऊन बसतो. त्याचा युद्धात कसा उपयोग झाला हे पुष्कळांना ठाऊक असेल. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हजारो सिलिंडर उघडून तो वाऱ्यावर सोडला. समोरचे सैनिक खंदकात होते, आणि जड वायू खंदकातच उतरला. ज्या जागी गोळीपासून रक्षण होते तीच जागा वायूने मरणाची केली. आपल्याकडे गळती झाली की लोक घाबरून खाली बसतात, तळमजल्याच्या खोलीत शिरतात. ईप्रच्या खंदकातली तीच चूक आहे.

शरीरात तो काय करतो हेही सांगतो. डोळे, नाक, घसा, फुप्फुस या सर्व ओल्या जागा. क्लोरीनला ओल भेटली की आम्ल तयार होते. म्हणजे आपल्याच शरीरातले पाणी घेऊन तो आपल्यालाच भाजतो. हवेच्या १० लाख भागांत त्याचा अर्धा भाग असला तरी नाकाला वास कळू लागतो. १० भाग झाले की जागा ताबडतोब सोडावी, असे शास्त्र सांगते. आता टनरकडे वळा. ९०० किलो क्लोरीन वायू झाला तर सुमारे ३०० घनमीटर होतो. १० लाखांत १० या प्रमाणात तो पसरला, तर तीन चौरस किलोमीटर जागा दहा मीटर उंचीपर्यंत व्यापील. हा अर्थात कागदावरचा हिशेब आहे. वारा तसा सारखा पसरवीत नाही. परंतु एका टनरच्या पोटात किती मोठे गाव मावते, ते यावरून ध्यानात येईल.

इतके सगळे असूनही मी असे म्हणतो की भरलेल्या, चालू टनरपासून सगळ्यात मोठा धोका नसतो. त्याच्याकडे चार जणांचे लक्ष असते. वजनकाट्यावर तो असतो, त्याची नोंद असते, संपला तर पाणी बंद पडेल ही काळजी साहेबापासून हेल्परपर्यंत सर्वांना असते. धोका असतो तो संपलेल्या, बाजूला सारलेल्या, कोणाच्याच नावावर नसलेल्या सिलिंडरचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या वसईतच, दिवाणमान भागात, एका जुन्या क्लोरीन सिलिंडरमधून वायू सुटला. एका माणसाचा प्राण गेला. पुष्कळांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. या सभेत त्या भागातली मंडळी बसली असतील. त्यांना मी काय सांगणार? दोष कोणाचा हे ठरवायला मी इथे उभा नाही. मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ‘जुन्या’.

त्याआधी १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळ हाजी बंदर येथे असेच झाले. बंदराच्या आवारात क्लोरीनचे शंभराहून अधिक सिलिंडर दहा वर्षांहून अधिक काळ बेवारस पडले होते. मागवणाऱ्याने ते उचलले नाहीत, आणि उचलायला लावणे हे कोणाचेच काम ठरले नाही. लोखंडाला समुद्राच्या खाऱ्या हवेत काय होते ते वसईकराला सांगायला नको. एका पहाटे वायू सुटला आणि शंभराच्या आसपास माणसे रुग्णालयात गेली. शिवडीत ना कारखाना फुटला, ना कोणी व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला. कोणी काहीच केले नव्हते. पुष्कळ वर्षे कोणी काहीच केले नाही, म्हणून ते घडले.

असे का होते, हे समजून घ्यायला टनरच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. कंटाळा येणार नाही असे बघतो.

कोरडा क्लोरीन पोलादाला खात नाही. म्हणूनच तो पोलादी टाकीत ठेवता येतो. ओला क्लोरीन मात्र पोलाद पोखरतो. क्लोरीन हाताळण्याचे निम्मे शास्त्र या दोन वाक्यांत आले. जोडणी करताना शिशाचा वॉशर दर वेळी नवा घालायचा, जुना उलटा करून चालवायचा नाही, याचे कारण हे. सुईएवढ्या फटीतून जो वायू झिरपतो तो बाहेरची दमट हवा घेऊन आम्ल होतो आणि फट मोठी करीत जातो. गळतीवर पाणी मारू नये, याचेही कारण तेच. आग दिसली की पाणी मारायचे हे आपल्या हातात बसलेले असते, आणि क्लोरीनच्या बाबतीत तेच घातक ठरते. पाणी मारलेल्या जागी सकाळचे छिद्र संध्याकाळपर्यंत वाढलेले असते. गळती शोधायची असेल तर अमोनियाच्या द्रावणात बुडवलेला बोळा काठीला बांधून जोडाजवळ फिरवतात. जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती.

आता ‘रिकामा’ या शब्दाकडे येऊ. टनरमध्ये द्रव असेपर्यंत आतला दाब तपमानाप्रमाणे राहतो. टनर भरलेला असो वा पाव उरलेला, काटा तोच आकडा दाखवतो. दाबमापक खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो. किती उरले ते फक्त वजन सांगते. आणि द्रव संपला तरी वायू उरतोच, काही किलो सहज. ते काही किलो एका गल्लीला पुरतात. शिवाय, संपला म्हणून कोणी व्हॉल्व्ह नीट बंद न करता तसाच ठेवला, तर रात्री टाकी थंड होते, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. जोडलेली नळी पाण्याशी असेल तर पाणीसुद्धा आत चढते, कारण क्लोरीन पाण्यात विरतो आणि मागे पोकळी करतो. मग ओला क्लोरीन आतून पोलाद खाऊ लागतो. बाहेरून रंग पिवळाधमक, आणि आतून वाळवी. म्हणून रिकाम्या टाकीचाही व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा, त्यावर टोपण बसवायचे, वरचे झाकण लावायचे, आणि भरलेल्या टाकीइतक्याच मानाने ती ठेवायची. सावलीत ठेवायची. टनरला दोन्ही टोकांना मिळून बहुधा सहा वितळणारे खिळे असतात, ते साधारण ७० ते ७५ अंशांना वितळतात. टाकी आगीत फुटू नये म्हणून ती सोय आहे. पण वितळलेला खिळा परत बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

टनर आडवा ठेवतात आणि त्याचे दोन व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत आणतात. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. गळती खालच्या बाजूला लागली तर टाकी फिरवून ती बाजू वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटतो. हा फरक साधा नव्हे. एक लिटर द्रवाचा सुमारे ४६० लिटर वायू होतो. टाकी एका हाताने फिरवता यावी म्हणून तिला रुळाच्या चाकांवर ठेवलेली असते. मी काही ठिकाणी ती चाके गंजून घट्ट झालेली पाहिली आहेत, आणि टाकीखाली विटा लावलेल्या पाहिल्या आहेत. विटा स्वस्त पडतात.

माझ्या उमेदीच्या काळात एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तिथे एका जोडातून क्लोरीन झिरपू लागला. पाळीवरच्या मुकादमाने एका हेल्परला ओले गोणपाट तोंडाला बांधून आत पाठवले आणि पाना दिला. त्याने व्हॉल्व्ह बंद केला. बाहेर आला तेव्हा खोकत होता, पण हसतही होता. सगळ्यांनी पाठ थोपटली. पाळी संपवून तो गाडीने घरी गेला, जिना चढला. रात्री दोनच्या सुमारास त्याला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरू लागले होते. क्लोरीनचे हे लक्षण तासांनी दिसते, त्या दरम्यान माणसाने श्रम केले तर आणखी वाढते, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. तो वाचला. पण पुढे त्याच्याने दोन मजले सलग चढवेना, आणि वर्षभराने काम सुटले. हजेरीपत्रकात त्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘पूर्ण दिवस’ लिहिलेले आहे, बाकी काही नाही. नंतर आम्ही त्याच्या भरपाईसाठी भांडलो तेव्हा तीच नोंद आमच्यापुढे ठेवली गेली.

श्वासाला स्वतंत्र हवा पुरवणारे उपकरण अंगावर नसेल तर कोणीही आत जाऊ नये, अगदी मित्र पडला असला तरी. हे ऐकायला निष्ठुर वाटते. परंतु ९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेला सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत चार कामगार मेले, ते आपण वाचले आहे. तिथला वायू वेगळा होता. पण अशा जागी एकामागून एक माणूस आत का जातो, ते सगळीकडे सारखेच असते. आपला माणूस खाली पडलेला दिसतो आणि आपल्याला धीर धरवत नाही. म्हणून ते उपकरण बाहेर, दाराच्या वाऱ्याकडच्या बाजूला, चालू स्थितीत टांगलेले असले पाहिजे. कपाटात कुलूप लावून नव्हे. किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब ठाण्याला बैठकीला, हा देखावा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मला त्यावर रागही येत नाही.

आता विल्हेवाट. जुना सिलिंडर सापडला तर काय करायचे? प्रथम, काहीच करायचे नाही. हलवायचा नाही, व्हॉल्व्ह फिरवून ‘आहे का बघू’ म्हणायचे नाही, ट्रॅक्टरवर घालून गावाबाहेर न्यायचा नाही, खाडीत लोटायचा तर मुळीच नाही. पाण्यात गेलेला सिलिंडर तळाशी बसत नाही, थोडा रिकामा असला तर तरंगतो, आणि ओल लागून गंजतो. भंगारवाल्याला तो दिसता कामा नये. आपल्या पूर्वेच्या पट्ट्यात भंगाराचे काम करणारे पुष्कळ आहेत, गरीब आहेत, आणि व्हॉल्व्हच्या पितळेसारख्या धातूला भाव येतो. गॅस कटरच्या ज्योतीखाली अडीचशे अंशांवर पोलाद क्लोरीनमध्ये स्वतःच जळू लागते. कापणाऱ्याला ते कळायला वेळ मिळत नाही.

जाणकार माणसे येतात तेव्हा ती टाकीतला वायू नळीने कॉस्टिक सोड्याच्या किंवा चुन्याच्या द्रावणात सोडून शमवतात. टाकी बुडवत नाहीत, नळी बुडवतात. एक किलो क्लोरीनला हिशेबाने १.१३ किलो कॉस्टिक लागतो. म्हणजे एका भरलेल्या टनरला एक टनाहून अधिक. ज्या केंद्रावर टनर आहे आणि एवढा कॉस्टिक नाही, तिथे गळती आली तर वाऱ्याची दिशा बघत बसण्यापलीकडे हातात काही राहत नाही. शमवून जे द्रावण उरते ते म्हणजे जोरकस ब्लीचिंगचे पाणी. तेही खाडीत सोडायचे नसते. आधी त्यातला क्लोरीन मारावा लागतो, नाहीतर कोळीबांधवांच्या जाळ्यात दुसऱ्या दिवशी मेलेले मासे. मग रिकामी टाकी तपासायची. क्लोरीनच्या टाकीची पाण्याच्या दाबाने चाचणी दर २ वर्षांनी व्हावी लागते, आणि तारीख टाकीवर ठोकलेली असते. चाचणीत नापास झालेली टाकी चेपून किंवा तुकडे करून अशी मोडायची की परत जोडता येऊ नये. हे सर्व पाहणारी केंद्र सरकारची पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना आपल्या नागपुरातच आहे. क्लोरीन कसा हाताळावा याचे भारतीय मानक १९६७ पासून छापलेले आहे. तेव्हा नियम नाहीत ही तक्रार करायला जागा नाही.

जागा आहे ती दुसरीकडे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत क्लोरीनच्या साठ्याची पहिली मर्यादा १० टनांची आहे. मोठ्या कारखान्याला ती लागू पडते. ज्या जलकेंद्रावर दोनचार टनर आहेत किंवा ज्या आवारात एक जुना सिलिंडर पडला आहे, ते या मर्यादेच्या पुष्कळ खाली. वायूला ही मर्यादा ठाऊक नसते. दुसरे असे की १९४८ च्या कारखाने कायद्यात वीज वापरणारा १० कामगारांचा गाळा हा कारखाना ठरत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या सुरक्षा संहितेने घेतली, आणि तिच्यात हा आकडा २० आहे. आमच्या सातिवली, गोखिवरे, वालीव भागात ज्यांनी गाळे पाहिले आहेत त्यांना विचारा, किती गाळ्यांत वीस माणसे हजेरीवर असतात. हजेरीवर म्हणतो आहे, कामावर नव्हे.

यावर मला एक जुने उदाहरण आठवते. ४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळला एक वर्ष झाले न झाले तोच, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्याच आवारात कॉस्टिक आणि क्लोरीनचे संयंत्र होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुख्य न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने ते संयंत्र पुन्हा चालू करायला परवानगी दिली, पण अटींवर. त्या अटी मी एका रात्रीत तीनदा वाचल्या होत्या. कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती नेमा, असे त्यांत आहे. कामगारांना शिकवा, असे आहे. क्लोरीनचा शरीरावर काय परिणाम होतो आणि ताबडतोब कोणता उपचार करावा, याचा तक्ता हिंदी व इंग्रजीत कामगारांना आणि लोकांना दिसेल असा लावा, असे आहे. ध्वनिक्षेपक बसवा, असेही आहे. देशातले सर्वांत मोठे न्यायालय एका तक्त्याबद्दल लिहिते, कारण ज्याला वायू लागणार आहे त्याला वाचता येईल अशा भाषेत तो लिहिलेला नसतो, हे त्यांना दिसले. आपल्याकडे टनरच्या खोलीवर कोणत्या भाषेत पाटी आहे? बहुतेक ठिकाणी ‘डेंजर’ एवढाच शब्द, कवटीखाली. आत काम करणारा कधी पालघरच्या पाड्यावरचा, कधी उत्तर प्रदेशातला, कधी ओडिशातला. कवटी सर्वांना समजते हे खरे. पण कवटी काय करायचे ते सांगत नाही.

धोका समोर दिसत असेल तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवावे, हा हक्क जुन्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आला. नव्या संहितेतही तो आहे. परंतु ठेक्यावरच्या माणसाने तो वापरावा कसा? एका जलकेंद्रावरच्या व्हॉल्व्हमनशी माझे बोलणे झाले. कोपऱ्यात झाकलेला सिलिंडर दाखवून मी विचारले, “हा कधीचा?” तो म्हणाला, “दादा, मी आलो त्याच्या आधीचा.” “आधीच्याने काय सांगितले?” “तो पण म्हणाला, मी आलो त्याच्या आधीचा.” मग हळूच म्हणाला, “लिहून दिलं तर माझंच नाव येईल ना त्याच्यावर.” त्याचे हे बोलणे मला फार खरे वाटले. ज्याने कळवले त्याच्या गळ्यात ती वस्तू पडते, म्हणून कोणी कळवत नाही, आणि सिलिंडर एका ठेक्याकडून दुसऱ्या ठेक्याकडे अनाथ पोरासारखा जातो.

म्हणून मी आपल्याला, म्हणजे कामगारांना नव्हे तर नागरिकांना, एक मागणी करायला सांगतो. प्रत्येक जलकेंद्र, जलकुंभ, पोहण्याचा तलाव, बर्फाचा व रंगाचा कारखाना, जिथे जिथे वायूचे सिलिंडर असतील, तिथली यादी वर्षातून एकदा जाहीर व्हावी. किती आले, किती परत गेले, शेवटची चाचणी कधी, आणि कोणत्या पदावरचा माणूस जबाबदार. ठेकेदार नव्हे, कायम पदावरचा. ठेका संपताना जुन्या व नव्या दोघांनी समोरासमोर सिलिंडर मोजून सही करावी. यात पैसा लागत नाही. सोसायटीत कोणाचा किती मेंटेनन्स बाकी आहे याची यादी आपण जिन्यात लावतो, ती बिनचूक असते.

काही जण म्हणतील, मग क्लोरीन बंदच करा. मी तसे म्हणणार नाही. ज्या घरात गॅस्ट्रोने मूल गेले आहे त्या घरात बसून तसे म्हणून पाहावे. उपाय आहेत. लहान केंद्रांवर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरता येते. मिठाच्या पाण्यातून जागच्या जागी ते तयार करणारी यंत्रेही आहेत. त्यांत साठवलेला वायू नसतो, हा मोठा गुण. खर्च, विजेचा भरवसा आणि देखभाल हे प्रश्न राहतात, आणि हायपो ठेवून ठेवून कमजोर होते, ब्लीचिंग पावडरही होते. वस्तीच्या मधोमध असलेल्या केंद्रांवर तरी टनरऐवजी हा मार्ग पत्करावा, असे माझे मत आहे. जास्त पैसे लागतील. ते द्यायची आपली तयारी असली पाहिजे.

आता घरातल्यांसाठी दोन गोष्टी आणि मी बसतो. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. दोन्हींच्या मिश्रणातून हाच वायू सुटतो, आणि न्हाणीघराला बहुधा एकच लहान खिडकी असते. सोसायटीत जिने धुणाऱ्या मावशींना हे कोणी सांगत नाही. एका बादलीत दोन्ही घातले की डाग लवकर जातो, असे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असते.

दुसरी गोष्ट, वस्तीत कधी हा वास आला तर. पाहायला जाऊ नका. वारा कुठून येतो ते झाडावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून बघा आणि वाऱ्याला आडवे, उंच जागेकडे निघा. निघता येत नसेल तर वरच्या मजल्यावर जा, खिडक्या लावा, पंखे व वातानुकूलन यंत्र बंद करा, नाकातोंडाला ओला रुमाल धरा. त्याने थोडा वेळ मिळतो, अधिक काही नाही. १०१ ला फोन करताना ‘क्लोरीन’ हा शब्द उच्चारा, म्हणजे जवान पाण्याचा पाइप घेऊन न उतरता हवेची नळकांडी पाठीवर बांधून उतरतील. डोळ्यांत जळजळ असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. कपडे बदला. ज्याला वायू लागला आहे त्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या, अर्धवट बसता ठेवा. तो ‘मला आता बरे वाटते’ म्हणाला तरी घरी सोडू नका. एक दिवस आणि एक रात्र डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या, आणि केसपेपरवर वायूचे नाव, जागा आणि वेळ लिहून घ्या.